तीन इंजिनं, बारा प्रवासी आणि दहा बाय चौदाचा हॉल

पत्र : ताई, माझा मुलगा मेच्या पहिल्या रविवारी पाच वर्षांचा होतोय. त्याला आगगाडीचं भारी वेड. गॅलरीतून लोकल दिसली की हातातला घास टाकून पळतो. घरीच आगगाडीची पार्टी करावी असं माझ्या मनात आहे. घर वन बीएचके, हॉल दहा बाय चौदा, आणि खर्च पाच हजारांच्या आत बसवायचाय. पण मोठ्या जाऊबाईंनी मार्चमध्ये पुतणीचा वाढदिवस हॉल घेऊन, इव्हेंटवाल्यांना बोलावून केला. तेव्हापासून जो तो विचारतो, ‘तुम्ही कुठे करणार?’ नवरा म्हणतो, करायचंच तर बिल्डिंगमधल्या तीसही मुलांना बोलवू. सासूबाईंचं म्हणणं, औक्षण व्हायलाच हवं, ज्योत फुंकून विझवायची नाही आणि केक बिनअंड्याचा. मी नोकरी करते, हाती रात्रीचे दोन तास. घरी केलेलं फिकं दिसेल का? आणि मला एकटीला झेपेल का?
— डोंबिवलीची एक आई

उत्तर : झेपेल, पण एका अटीवर. रात्रीचे ते दोन तास भिंतीवर घालवायचे नाहीत.

घरचा वाढदिवस फसतो तो सजावट कमी पडली म्हणून नाही. आई रात्री दोनपर्यंत कागदाची फुलं करत बसते आणि मुलांनी दोन तास काय करायचं हे मात्र कुणीच ठरवलेलं नसतं. विसाव्या मिनिटाला सोफ्यावरून उड्या सुरू होतात, पंचविसाव्याला कुणीतरी रडतं, आणि मग घाईघाईने केक कापला जातो. पाच वर्षांचं मूल भिंतीकडे जेमतेम मिनिटभर बघतं. नंतर त्याला हाताला काहीतरी लागतं. मोठी माणसं तुलना करतील, ती करू देत. मुलं खेळात रंगलेली दिसली की त्यांचंही लक्ष तिकडेच जातं.

आधी आकडा. तीस नाही, बारा. तुमच्या मुलासकट बारा. यामागे हिशेब आहे. आगगाडीच्या खेळात भांडण एकाच गोष्टीवरून होतं : इंजिन कोण होणार? म्हणून तीन इंजिनं करा आणि चार-चार मुलांच्या तीन गाड्या. प्रवासाचे टप्पे चार ठेवा : बोरीबंदर ते ठाणे, ठाणे ते नेरळ, नेरळ ते खंडाळा, खंडाळा ते पुणे. दर स्टेशनवर इंजिन बदलायचं. तीन गाड्या आणि चार टप्पे, म्हणजे बाराही मुलांना एकेकदा इंजिन व्हायला मिळतं, कुणी उरत नाही. कोण कुठल्या टप्प्याला पुढे, हे आदल्या रात्री कागदावर लिहून दाराला लावा. वाढदिवसाच्या मुलाला पहिला टप्पा द्या. नंतर पुढे राहण्याचा हट्ट धरला तर तो कागद दाखवा, वाद घालू नका.

इंजिनांना नावं हवीतच. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे प्रवासी, चौतीस किलोमीटर. आणि ती ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. तुमच्या घरातल्या तिघांनाही हीच नावं द्या. गाडीवेडा मुलगा ती जन्मभर विसरणार नाही.

इंजिनासाठी वाण्याकडून साधारण ३५ × ३० × २५ सेंटिमीटरचे तीन खोके आणा. खालची-वरची झाकणं कापून टाका. मूल आत उभं राहील आणि खोका कमरेशी येईल. जुन्या ओढणीच्या दोन पट्ट्या खांद्यावरून क्रॉस घ्या. सुतळी वापरू नका, ती मानेला काचते. खाकी पुठ्ठ्यावर पोस्टर कलर थेट लावला तर मळकट दिसतो, म्हणून आधी पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्या आणि तो पूर्ण वाळू द्या. एकाच बाजूला जाड रंग दिला की पुठ्ठा वाकतो; दोन पातळ हात बरे. रंगाचा कंटाळा असेल तर रंगीत क्राफ्ट पेपर दुहेरी टेपने चिकटवा. फेव्हिकॉलने पातळ कागदाला सुरकुत्या पडतात. चाकं म्हणजे सहा इंची कागदी प्लेटा, एका खोक्याला चार. चिमणी म्हणजे वेफर्सचा रिकामा गोल डबा. तिन्ही इंजिनं दोन रात्रींत होतात.

मागच्या डब्यांसाठी खोके करायची गरज नाही. प्रत्येक इंजिनामागे एक ओढणी बांधा, तिला दोन-दोन फुटांवर तीन गाठी मारा, आणि मागच्या तिघांनी एकेक गाठ धरायची. मुलांना एकमेकांचे कपडे धरायला सांगू नका. पुढचा थांबला की मागचे अंगावर कोसळतात.

रूळ जमिनीवर मास्किंग टेपचे. सोफा आणि टीपॉय बेडरूममध्ये गेले की हॉलमध्ये दोन बाय तीन मीटरचा आयत मावतो, चारही बाजूंना अर्धा-अर्धा मीटर सुटतो. दोन रुळांत ३० सेंटिमीटर अंतर, दर अर्ध्या मीटरला एक आडवी पट्टी. वीस मीटरचे दोन रोल लागतात. तिन्ही गाड्या एकाच दिशेने फिरल्या पाहिजेत, हे सुरुवातीलाच दोनदा सांगा. पायात मोजे नकोत, फरशीवर घसरतात.

भिंतीसाठी फार खटाटोप करू नका. सेलोटेपने रंगाचे पापुद्रे निघतात आणि डिस्टेंपरवर मास्किंग टेप धरत नाही. खिडकीच्या गजापासून पडद्याच्या दांडीपर्यंत सुतळी ताणा आणि चिमट्यांनी स्टेशनांच्या पाट्या लटकवा. पिवळा कार्डशीट, काळी मोठी अक्षरं, झालं. फुगे लावणार असाल तर त्या दिवशी दुपारीच फुगवा आणि पंख्यापासून लांब, उन्हापासून आत बांधा. मेच्या उकाड्यात आदल्या रात्रीचे निम्मे सकाळपर्यंत फुटलेले असतात. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. लहान मुलं ते तोंडात घालतात आणि रबर घशाला चिकटून बसतं. रस्त्यावरचे तरंगणारे गॅसचे फुगे आणि स्नो स्प्रे घरात आणूच नका. त्या फुग्यांत बरेचदा हायड्रोजन असतो, स्प्रेच्या डब्यातला वायूही पेट घेतो, आणि तुमच्या घरात निरांजन लागणार आहे.

आता वेळ. पाच ते सात. आमंत्रणात दोन्ही वेळा लिहा आणि ते ग्रुपवर न टाकता एकेका आईला वेगळं पाठवा. ‘शेंगदाणे, दूध, गहू यांपैकी काही चालत नाही का?’ हे त्यातच विचारा. मेमध्ये निम्मी मुलं गावी गेलेली असतात, तेव्हा दोन आठवडे आधी नक्की करा. कुणी गळालं तर ती जागा बिल्डिंगमधल्या मुलाने भरा. बाकीच्या मुलांना त्या दिवशी सकाळी खाली खेळताना चॉकलेटं वाटा, म्हणजे तुमच्या यजमानांचीही खंत राहणार नाही. नातेवाइकांना सहा वाजताचं बोलावणं द्या. पाचला आले तर हॉलमध्ये रुळांवर खुर्च्या मांडाव्या लागतील.

पहिली वीस मिनिटं सगळ्यात अवघड असतात, कारण मुलं एकदम येत नाहीत. दारातच तिकीट द्या. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद सहा बाय तीन सेंटिमीटरचा कापला की जुन्या पुठ्ठ्याच्या तिकिटासारखा दिसतो. त्यावर मुलाचं नाव आणि गाडीचं नाव. ऑफिसच्या पंचिंग मशीनने भोक पाडायला टीसी हवा. हे काम दहा-अकरा वर्षांच्या भावंडाला द्या. त्या वयाच्या मुलांना काम दिलं नाही तर तीच लहानांचा खेळ मोडतात. तिकीट घेतलं की मुलाने ए-फोर कागदावर आखलेला डबा रंगवायचा आणि तो सुतळीला लटकवायचा. शेवटचं मूल येईपर्यंत बारा डब्यांची गाडी तयार होते आणि भिंतही सजते.

पाच वीसला सिग्नलचा खेळ. हिरवा झेंडा चाला, पिवळा हळू, लाल थांबा. ही मजा तर आहेच, शिवाय ‘लाल’ दिसलं की थांबायची सवय लागते आणि पुढचा तासभर तुमचा आवाज वाचतो. शिट्टी एकच, ती मोठ्या माणसाकडे.

ठाण्याला मालगाडी. वर्तमानपत्राचे साठ गोळे, तीन बादल्या. प्रत्येक गाडीने आपली वीस ‘पोती’ उचलून आपल्या बादलीत भरायची. नेरळला माथेरानची छोटी गाडी. ती १९०७ पासून दोन फुटी रुळांवरून डोंगर चढते, तीही अगदी सावकाश. म्हणून इथे सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकला. पण थांबायचं नाही, पाऊल चालू हवं. धावून तापलेली मुलं इथे आपोआप शांत होतात. खंडाळ्याला बोगदा. दोन मोठ्यांनी दोन्ही टोकांना धरलेली जाड चादर, खालून गाड्या वाकून जातात, दरवेळी चादर थोडी खाली येते. बाद करण्याचे खेळ, म्हणजे संगीत खुर्ची वगैरे, या वयाला नकोत. बाद झालेलं मूल एकतर रडतं नाहीतर स्वयंपाकघरात शिरतं. प्रत्येक खेळ दहा मिनिटांत आटपा. ‘आणखी एकदा!’ ऐकू आलं की तिथेच थांबवा, दुसऱ्यांदा तेवढी मजा येत नाही.

सहा-सव्वासहाला पुणे. इथे सासूबाईंचा मान. पाट मांडा, निरांजन लावा, पाच जणींनी औक्षण करा. केकवर मेणबत्ती ठेवूच नका. औक्षण झालं की मुलाने हिरवा झेंडा दाखवायचा, सगळ्यांनी ‘कूऽऽ’ म्हणायचं आणि केकच्या गाडीला निरोप द्यायचा. फुंकायचा प्रश्न उरत नाही आणि मुलांना हे मेणबत्तीपेक्षा जास्त आवडतं. सासूबाईंना हा बेत आधी सांगा, आयत्या वेळी नको. त्यांनी मुलांना आगगाडीची एक गोष्टही सांगावी, जेवणानंतरची पंधरा मिनिटं त्यात छान जातात.

केक शनिवारी करा. आठ बाय चार इंचांच्या एका लोफला दीड कप मैदा (१९० ग्रॅम), एक कप ताजं दही, १५० ग्रॅम साखर, अर्धा कप तेल, सव्वा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, एक चमचा व्हॅनिला. दह्यात साखर विरघळवा, पावडर आणि सोडा घालून पाच मिनिटं फसफसू द्या, मग तेल आणि व्हॅनिला, शेवटी चाळलेला मैदा दोन-तीनदा करून. मैदा मिसळला की ढवळणं थांबवा, जास्त घोटला तर केक चिवट होतो. १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. असे दोन लोफ. पूर्ण गार झाल्यावर गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा आणि रविवारी कापा. ताजा केक कापताना भुगा होतो. एकेका लोफचे तीन डबे, एकूण सहा. प्रत्येकाचे चार तुकडे केले की चोवीस जणांना पुरतो. वरून व्हिप्ड क्रीम नको, मेमध्ये ते गळतं. २०० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि १०० मिली फ्रेश क्रीम गरम करून एकत्र करा, घट्टसर झालं की डब्यांच्या माथ्यावर पसरा. पुढच्या डब्यावर विकतचा छोटा स्विस रोल, तोच बॉयलर. मात्र तोही बिनअंड्याचा आहे ना, हे पाकिटावर बघून घ्या. चाकांची क्रीम बिस्किटं केक बाहेर मांडायच्या तासभर आधीच लावा, नाहीतर मऊ पडतात.

खायला स्टेशनवरचे बटाटेवडे. मुलांचे लिंबाएवढे, मिरची न घालता. एक किलो बटाट्यांत असे पंचवीसेक होतात. मुलांना दोन-दोन, दहा मोठ्यांना तीन-तीन धरले तर सव्वादोन किलो बटाटे लागतील. मुलं घरात असताना तेलाची कढई गॅसवर असता कामा नये, म्हणून साडेचारला तळून घ्या. पसरट ताटात मोकळे ठेवा. झाकले की वाफेने आवरण ओलं होतं. लिंबू सरबत अर्धा पेलाच द्या. कोकम सरबत नको, सांडलं की कपड्यांवर डाग पडतात. शेंगदाण्याची चिक्कीही नको : कुणाला शेंगदाणा सोसत नसेल, शिवाय एवढ्या वयात अख्खा दाणा घशात अडकू शकतो. त्याऐवजी राजगिऱ्याची वडी ठेवा.

परतभेट वेगळी आणायची गरज नाही. वर्तमानपत्राच्या घट्ट सुरळीवर लाल-हिरवा झेंडा (बांबूच्या काड्या नकोत, डोळ्याशी येतात), पंच केलेलं तिकीट, रंगवलेला डबा आणि एक खडूंची पेटी. खडू धरून सामान हजार ते बाराशे, केक आठशे, खाणं अठराशेच्या आसपास. पाच हजारांतले थोडे उरतील.

आणि जाऊबाई. त्यांना पाहुणी म्हणून बोलावू नका, काम देऊन बोलवा. बारा मुलांमागे तीन मोठी माणसं लागतातच, एका गाडीला एक. सुलतानची जबाबदारी त्यांच्याकडे द्या, साहिब तुमच्या यजमानांकडे, सिंध एखाद्या मैत्रिणीकडे. तुम्ही शिट्टी घेऊन मध्ये उभ्या राहा. चार दिवस आधी फोन करा : ‘वहिनी, तुम्हाला मुलं सांभाळायचा अनुभव आहे, एक गाडी तुम्ही चालवाल का?’ हे खरंही आहे, आणि असं विचारल्यावर नाही म्हणणं कठीण असतं.

त्या दुपारी मुलाला झोपवा. दोन तास गर्दीत राहून वाढदिवसाचं मूलच आधी रडकुंडीला येतं. तसं झालंच तर पाच मिनिटं बेडरूममध्ये नेऊन पाणी पाजा आणि नुसतं जवळ घ्या. गाड्या मागे चालू राहू देत. रूळ मात्र त्याच रात्री काढा. मुलगा ठेवायचा हट्ट करेल, तर फूटभर तुकडा त्याच्या पलंगाशी राहू द्या. बाकीची टेप चार दिवस राहिली तर गोंद फरशीला धरतो, मग खोबरेल तेल लावून घासत बसावं लागेल.