डॅफ्नियाचे ठोके आणि अडकलेला मॅक्रो

प्रश्न : मी सोलापुरात एम. एस्सी. प्राणिशास्त्र करते. तळ्यातल्या डॅफ्नियाचा (पाण्यातला इवलासा कवचधारी जीव) व्हिडिओ इमेजजे या चित्रं तपासण्या-मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सावकाश चालवून हृदयाचे ठोके मोजायचे आहेत. कॅमेरा सेकंदाला 30 फ्रेमचा. व्हिडिओ चालू असताना मी स्पेसबार दाबीन तसे ठोके मोजणारा मॅक्रो (ओळीओळीने आज्ञा देणारा छोटा प्रोग्रॅम) लिहिला, पण 'स्टार्ट ॲनिमेशन'च्या ओळीवरच तो बसून राहतो. काका, काय चुकतंय?

उत्तर : पोरी, चुकतंय एकाच शब्दात. 'रन' वापरलंस ना? 'रन'ने ॲनिमेशन सुरू केलं, की ते कुणी थांबवेपर्यंत मॅक्रो पुढची ओळ वाचतच नाही. तिथे 'डू-कमांड' लिही. मग ॲनिमेशन आपलं वेगळं चालतं आणि मॅक्रो पुढे सरकतो. आता त्याने विचारायचं, चालू आहे का? त्यासाठी 'इज' हे फंक्शन आहे. कंसात, अवतरणात 'ॲनिमेटेड' लिहायचं. (टाइप अर्थातच इंग्रजीत.) हेच 'व्हाइल'च्या (अट खरी असेपर्यंत पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या लूपच्या) अटीत घाल आणि आत स्पेसबार तपास.

दोन ठिकाणी मात्र माझी चांगली जिरली होती. ॲनिमेशन सुरू व्हायला किंचित वेळ लागतो. लगेच विचारलं तर 'नाही' उत्तर येतं आणि लूप सुरू व्हायच्या आतच संपतो. म्हणून आधी पाव सेकंदाचा 'वेट' टाक. दुसरं, बोट स्पेसबारवर जरा रेंगाळलं की एकाच ठोक्याचे तीन-चार होतात. बोट उचललं जाईपर्यंत पुढचा ठोका मोजायचा नाही, असा आतला छोटा लूप हवाच. त्यातही दहा मिलिसेकंदांचा 'वेट' असू दे. स्पेसबारऐवजी शिफ्ट घेऊ नकोस. विंडोजवर पाचदा शिफ्ट दाबली की स्टिकी कीजची चौकट मधेच टपकते! आणि मधेच दुसऱ्या चित्रावर क्लिक केलंस, तर 'इज' त्या चित्राबद्दल उत्तर देतं आणि मोजणी तिथेच बंद पडते.

आता हिशेब. घड्याळ बघू नकोस. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो तेव्हा, भर मे महिन्यात, स्टॉपवॉच लावून मोजलं, तर मिनिटाला छप्पन्न भरले. वाटलं, उन्हाने डॅफ्निया आचके देतोय. पाणी बदललं, सावलीत ठेवलं, पुन्हा तेच! खरं म्हणजे इमेजजे मुळात सेकंदाला 7 फ्रेम दाखवतं. माझ्या 300 फ्रेमांना त्रेचाळीस सेकंद लागत होते आणि त्यात ठोके चाळीस. प्रत्यक्षात ते दहा सेकंदांतले (300 भागिले कॅमेऱ्याचे 30), म्हणजे मिनिटाला 240. जीव ठणठणीत होता.

तेव्हा पहिल्या फ्रेमवरून सुरू कर, शेवटची फ्रेम यायच्या आत बॅकस्लॅश दाबून थांबव (नाहीतर व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून फिरतो). मॅक्रोला थांबलेल्या फ्रेमचा क्रमांक घ्यायला लाव. ठोके गुणिले 1800 (सेकंदाच्या 30 फ्रेम गुणिले 60), भागिले तो क्रमांक, म्हणजे मिनिटाचे ठोके.