नंबर कळला म्हणजे माणूस कळला का? : वाचकांचे प्रश्न

या वेळी पत्रं आणि मेसेज जवळजवळ सगळे कार्डं आणि फोन नंबर यांच्याबद्दलच आलेत, त्यामुळे बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ. नावं कुणाचीच छापत नाहीये, गाव तेवढं ठेवलंय.

देवगडहून एक बागायतदार विचारतात : आमची हापूसची बाग आहे, सीझनला ऑर्डरी फोनवरच घेतो. एक फोन आला, म्हणे मी मिलिटरीत साहेब, कँटीनसाठी पेट्या पायजेत, पैसे आधीच टाकतो, तुम्ही फक्त हा क्यूआर स्कॅन करा. मुलाने कॉलर आयडीच्या ॲपमध्ये बघितलं तर नावापुढे मेजर लिहून येत होतं. संशय आला म्हणून स्कॅन केलं नाही. पण असा नंबर ऑनलाइन शोधायचा कसा? पाचशे रुपयात नाव, पत्ता, लोकेशन सगळं देतो असं सांगणाऱ्या साइटी दिसतात, त्या खऱ्या असतात का?

उत्तर : काका, स्कॅन केलं नाहीत ते फार बरं केलंत. पैसे *घ्यायला* क्यूआर स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्याच खात्यातून जाणार. मिलिटरीचं नाव सांगून फसवायची ही पद्धत देशभर चालते, आंबेवाले, भाड्याने घर देणारे, जुनी गाडी विकणारे सगळ्यांना असे फोन येतात.

आता नंबर शोधायचं. ट्रूकॉलरसारख्या ॲपवर जे नाव दिसतं ते सरकारी नोंदीतून आलेलं नसतं हे आधी डोक्यात ठेवा. ही २००९ साली सुरू झालेली स्वीडनची कंपनी आहे, तिथलं नाव लोकांनी आपापल्या फोनमध्ये काय सेव्ह केलंय त्यावरून येतं किंवा त्या माणसाने स्वतःच प्रोफाइलमध्ये टाकलेलं असतं. म्हणजे कुणीही उठून मेजर होऊ शकतो, फोटोही लावू शकतो. त्या ॲपचा खरा उपयोग उलट्या बाजूने होतो, शंभर लोकांनी स्पॅम म्हणून कळवलं असेल तर ते लाल होऊन दिसतं, तेवढ्यावर विश्वास ठेवा.

नंबरच्या आकड्यांवरून काय कळतं? पूर्वी बरंच कळायचं. लँडलाइन असेल तर आजही कळतं, ०२३६४ म्हणजे तुमचं देवगड, ०२३६५ मालवण, ०२३५२ रत्नागिरी. मोबाइलचे दहा आकडे ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात आणि पहिल्या आकड्यांवरून तो नंबर मुळात कुठल्या सर्कलला, कुठल्या कंपनीला दिला होता एवढंच समजतं. २० जानेवारी २०११ पासून नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते आणि ३ जुलै २०१५ पासून देशात कुठेही गेलं तरी नंबर तोच ठेवता येतो, त्यामुळे "हा नंबर महाराष्ट्राचा दिसतोय" याला आता फारसा अर्थ उरला नाही.

मग करायचं काय, तर नंबर गूगलवर टाकून बघा, एकदा सलग, एकदा मधे जागा सोडून, एकदा +९१ लावून, कारण लोक तक्रारी वेगवेगळ्या पद्धतीने लिहितात. यूपीआयच्या ॲपमध्ये पैसे पाठवायला घेतो तसा तो नंबर टाका आणि पाठवायच्या आधीच थांबा, तिथे बँकेत नोंदलेलं नाव दिसतं. मेजर म्हणवणाऱ्याचं नाव तिथे भलतंच निघालं तर तिथेच समजून जायचं. जुळलं तरी गाफील राहू नका, भाड्याने घेतलेली खाती असतात.

आणि पाचशे रुपयाच्या त्या साइटी! मोबाइल कुणाच्या नावावर आहे याची सगळ्यांना बघता येईल अशी यादी भारतात नाहीच. ती माहिती कंपनीकडे असते आणि पोलिसांना ती कायद्याने मागून घ्यावी लागते. त्यामुळे लाइव्ह लोकेशन देतो म्हणणारा एकतर तुमचे पाचशे रुपये खाणार नाहीतर कुठून तरी चोरलेला डेटा विकणार. मला याचा मनापासून राग येतो, कारण फसवणुकीला घाबरलेल्या माणसालाच हे पुन्हा फसवतात. असा फोन आला की सरकारच्या संचार साथी पोर्टलवर 'चक्षू' नावाची सोय आहे तिथे कळवा, पैसे गेले असतील तर मात्र वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मधेच अडवता यायची शक्यता जास्त.

कुडाळहून एक मावशी विचारतात : बाजारात छत्री लावन सिम विकणारो बसलेलो. तेना माझो आंगठो दोनदा घेतलो, म्हणता पयलो लागूक नाय. माझ्या नावावर दुसरा सिम काढल्यान तर नाय मां? माका कसा कळतला?

उत्तर : मावशी, शंका अगदी बरोबर आहे, दुसऱ्यांदा अंगठा घेऊन दुसरंच सिम चालू करायचे प्रकार झालेत. झिलाला नाहीतर शेजारच्या कॉलेजच्या पोराला संचार साथी उघडायला सांगा. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने हे सुरू केलंय. तिथे तुमचा मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी येतो तो घालायचा, मग तुमच्या नावावर किती नंबर चालू आहेत ती यादी येते. नंबर पूर्ण दिसत नाहीत, पण आपला कुठला आणि परका कुठला ते ओळखता येतं. परका असेल त्याच्यासमोर 'हा माझा नाही' निवडायचं. एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त ९ सिम चालतात, त्यावर गेली तर दंडाची तरतूद आहे, पहिल्या वेळेला ५०,००० रुपयांपर्यंत.

वरच्या देवगडच्या काकांना आलेला फोन अशाच एखाद्या मावशीच्या नावावरच्या सिमवरून आलेला असू शकतो. ट्रायने (फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) फेब्रुवारी २०२४ मध्ये शिफारस केली की सिम घेताना फॉर्ममध्ये दिलेलं नाव फोन वाजताना समोरच्याला दिसावं, चांगलीच गोष्ट आहे, पण फॉर्मच दुसऱ्याच्या अंगठ्याने भरलेला असेल तर दिसणारं नाव त्या गरीब बाईचं दिसणार आणि पोलीस पहिले तिच्याच दारात येणार. म्हणून यादी आजच बघा.

चिपळूणहून : लग्नानंतर आडनाव बदललं, पण पॅनमधलं अक्षर माहेरच्या आडनावाचंच आहे, नवीन पॅन काढू का?

उत्तर : अजिबात नको. पॅनचं चौथं अक्षर तुम्ही व्यक्ती आहात का कंपनी ते सांगतं (व्यक्तीला पी), पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर असतं, पण ते पॅन काढलं त्या दिवशीच्या आडनावाचं. नाव बदललं तरी नंबर जन्मभर तोच. नावदुरुस्तीचा अर्ज करा, नंबर तोच राहून नाव बदललेलं कार्ड येतं. एका माणसाकडे दोन पॅन सापडली तर १०,००० रुपये दंड आहे.

गुहागर तालुक्यातून एक ताई लिहितात : बाबा गेले त्याला वर्ष होत आलं. त्यांचा फोन रिचार्ज केला नाही, ते सुचलंच नाही. परवा व्हॉट्सॲपवर त्यांच्या नंबरसमोर कुणा तरुण मुलाचा फोटो दिसला आणि मी हादरलेच. बाबांचं बँक खातं, गॅस, आधार सगळ्याला तोच नंबर आहे. तो मुलगा काही करू शकतो का?

उत्तर : ताई, वाचून वाईट वाटलं. त्या मुलाचा बहुतेक काही दोष नाही, त्याने दुकानातून सिम घेतलं तेव्हा त्याला हाच नंबर मिळाला. आपण मोबाइल नंबर आपला म्हणतो पण तो वापरात आहे तोवरच आपला असतो. बंद झालेला नंबर कंपनी किमान ९० दिवस कुणाला देत नाही, त्यानंतर नव्या गिऱ्हाइकाला देऊ शकते, सुप्रीम कोर्टातही २०२३ साली ट्रायने हेच सांगितलं. व्हॉट्सॲपचंही तसंच, खातं ४५ दिवस वापरलं नाही आणि मग तो नंबर दुसऱ्या फोनवर चालू झाला की जुन्या खात्याचा फोटो वगैरे काढून टाकतात. म्हणजे बाबांच्या जुन्या गप्पा त्या मुलाला दिसत नाहीत, ती भीती मनातून काढा. फक्त घरच्या, वाडीच्या, देवळाच्या ग्रुपमधून ॲडमिनने तो नंबर काढून टाकायला सांगा.

आधारचं बरोबर उलट आहे. तो बारा आकडी नंबर एकदा दिला की दुसऱ्या कुणाला कधीच देत नाहीत, माणूस गेल्यावरही नाही. आणि गंमत बघा, जो नंबर जन्मभराचा आहे त्याला आपण कुलूप म्हणून लावलाय कधीही हातातून जाणारा मोबाइल नंबर. ओटीपी त्या मुलाच्या फोनवर जाणार, खरी काळजी एवढीच.

म्हणून पहिलं काम बँकेचं, मृत्यू दाखला घेऊन शाखेत जा, खातं वारसाकडे करायचा अर्ज द्या आणि त्या खात्याचा मोबाइल नंबर लगेच काढायला लेखी सांगा, पोच घ्या. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना बंद झालेल्या नंबरांची सरकारी यादी तपासून असे नंबर बदलून घ्यायला सांगितलंय, पण बँकेकडून होईल म्हणून वाट बघत बसू नका. मग गॅस एजन्सी. आधारसाठी मायआधार पोर्टलवर घरातल्या माणसाच्या मृत्यूची नोंद करायची सोय २०२५ पासून आहे, त्याला दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक लागतो.

आणि ज्यांच्या घरात असं नुकतंच झालंय त्यांना सांगते, बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत कुणाला सुचत नाही पण घरातल्या एकाने तरी तो फोन तीन-चार महिने रिचार्ज करून चालू ठेवा आणि मृत्यू दाखला देऊन सिम वारसाच्या नावावर करून घ्या, कंपन्या ते करून देतात. मुंबैकर मुलगा तिकडून रिचार्ज करू शकतो, त्यासाठी गावी यायलाही नको.

हर्णैहून एक मच्छीमार काका : जाळी ओढून, मिठात, बर्फात काम करून बोटांच्या रेषाच गेल्यात. रेशनच्या मशीनवर अंगठा जुळत नाही, दुकानदार पुढच्या महिन्यात या म्हणतो. दुसरीकडे पोरगा सांगतो अंगठा लॉक करून टाका, चोर पैसे काढतात. काय करू?

उत्तर : काका, रेशन नाकारायचा दुकानदाराला अधिकार नाही. आधार जुळत नाही म्हणून धान्यापासून कुणाला वंचित ठेवू नका अशा केंद्राच्या सूचना २०१७ पासून आहेत. दुसरं बोट लावून बघायला सांगा, डोळ्याचं मशीन असेल तर ते, नाहीतर ओटीपी, नाहीतर कार्डावरच्या दुसऱ्या माणसाचा अंगठा. तरी नाहीच म्हणाला तर दापोलीला तहसीलमध्ये पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या. उन्हातान्हात समुद्रावर राबून झिजलेली बोटं हा काही गुन्हा नाही. जमलं तर आधार केंद्रात जाऊन बोटं आणि डोळे नव्याने घ्यायला लावा, पावसाळ्यात मासेमारी बंद असते, जून-जुलैत हात जरा भरून आले की ठसा बरा येण्याची शक्यता असते.

पोरगा सांगतो तेही खरं आहे. गावात छोट्या मशीनवर आधार नंबर आणि अंगठा देऊन पैसे काढतात, तिथे ओटीपी लागत नाही, म्हणून चोरांनी कागदपत्रांवरच्या ठशांच्या नकला करून खाती रिकामी केलीयत. आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे. पण लॉक असताना तुमचा स्वतःचा अंगठाही चालणार नाही, ना रेशनला ना बँकेच्या मशीनवर, दर वेळेला थोड्या वेळापुरतं उघडायला लागेल. ते पोराला जमत असेल आणि तो घरात असेल तर लॉक करा. तो परगावी असेल तर त्यापेक्षा बँकेत जाऊन अंगठ्याने पैसे काढायची सोय तुमच्या खात्यावर बंद करता येईल का ते विचारा. अडचण आली तर आधारची हेल्पलाइन १९४७, मराठीतून बोलतात.

तारकर्लीहून एक होमस्टेवाले दादा : पाहुणे आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतात. माझ्या फोनमध्ये अशी शेकडो आधार कार्डं साठलीत. ठेवू का उडवू? आणि कार्ड खोटं असेल तर कळतं कसं?

उत्तर : दादा, हा प्रश्न विचारलात याचाच आनंद झाला, बरेच जण विचारतच नाहीत. फोन हरवला किंवा दुरुस्तीला दिला तर ती शेकडो माणसं उघड्यावर पडतील, तुम्हालाही आपलं कार्ड असं कुणाच्या गॅलरीत नको असेल. पाहुण्याला मास्क्ड आधार मागा, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसतात, मायआधारवरून कुणालाही फुकट काढता येतं. शिवाय आधारच पाहिजे असा हट्ट नको, लायसन्स, मतदान ओळखपत्र, पासपोर्ट काहीही चालतं. खाजगी धंद्याने आधारची सक्ती करायची वाट सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात बंद केली.

खरं-खोटं बघायचं तर कार्डावरचा क्यूआर आधारच्याच ॲपने स्कॅन करा, नाव आणि फोटो समोर येतो, तो कार्डाशी आणि समोरच्या माणसाशी जुळवा. नुसत्या बारा आकड्यांवरून काही ठरत नाही. शेवटचा आकडा हिशोबाने काढलेला असतो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर कॉम्प्युटरला कळतं, पण बरोबर हिशोबाचा खोटा नंबरही कुणी बनवू शकतो आणि खरा नंबर दुसऱ्याच्या फोटोखालीही छापू शकतो.

रजिस्टरमध्ये नाव, गाव, मोबाइल, गाडीचा नंबर, कार्डाचा प्रकार आणि शेवटचे चार आकडे लिहा, पाहुण्याची सही घ्या. तुमच्या पोलीस ठाण्याला झेरॉक्सच लागत असेल तर ती कागदावर घेऊन त्यावर तारीख आणि 'फक्त मुक्कामासाठी' असं आडवं लिहा आणि कपाटात कुलपात ठेवा. परदेशी पाहुणा असेल तर मात्र पासपोर्ट आणि व्हिसा बघून २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरायलाच लागते, तिथे चालढकल नको. आणि फोनमधले फोटो उडवताना गॅलरीबरोबर व्हॉट्सॲपची चॅट, रिसायकल बिन आणि गूगल फोटोजचा बॅकअपही बघा, तिथे ते तसेच राहतात.