मन, मन्हा आणि पत्रिकेतला ‘मनोवैज्ञानिक’

अमळनेरहून विचारणा आली आहे. तत्त्वज्ञानाच्या एका निवृत्त प्राध्यापकांचा सत्कार आहे. भाषा आणि मन यांवर संशोधन करण्यात त्यांची हयात गेली. पत्रिकेत ‘मनोवैज्ञानिक’ छापावं का? आणि एका वक्त्याने सांगितलं तसं अहिराणीतलं ‘मन्हा’ (माझा) हे ‘मन’वरून आलं का?

‘मनोवैज्ञानिक’ मुळीच नको. तो हिंदीचा शब्द. टीव्हीवर रोज ऐकून ऐकून आपला ‘मानसशास्त्रज्ञ’ अडगळीत गेला. शिवाय तुमचे सर मानसशास्त्रज्ञही नव्हेत. माणूस कशाला भितो, काय विसरतो, हे मानसशास्त्रज्ञ प्रयोग करून बघतो. ‘मला दुखतंय’ म्हणणारा ‘मी’ कोण आणि ते दुखणं दुसऱ्याला कळतं म्हणजे काय होतं, हा तत्त्वज्ञाचा प्रश्न. अमळनेरकरांनी तरी ही गल्लत करू नये! गिरणीमालक प्रतापशेठांनी १९१६ साली तुमच्याच गावात तत्त्वज्ञान मंदिर ही संशोधनसंस्था उभारली. ‘मी’ या शब्दापाशी अडून बसणारं तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्यांचं पुस्तक १९३० साली तिथूनच प्रसिद्ध झालं.

‘मन’ची व्युत्पत्ती सोपी आहे: संस्कृत मन्, विचार करणे. मत, मती, मंत्र त्याच घरातले, इंग्रजी ‘माइंड’ लांबचा भाऊबंद. अर्थ मात्र एक नाही. नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांचं, मन हे अणूएवढं इंद्रिय, जाणणारा आत्मा निराळा.

आता ‘मन्हा’. त्याचा मनाशी काडीचा संबंध नाही. तसा असता तर ‘तुन्हा’ (तुझा) कुठून आला असता? ‘तुन’ नावाचं काही आहे का? प्राकृतात ‘माझा’ या अर्थी दोन रूपं शेजारी शेजारी नांदत होती, मज्झ आणि मह. तशीच तुज्झ आणि तुह. मराठीने मज्झ-तुज्झ उचलले, त्यांचे माझा-तुझा झाले. अहिराणीने, माझ्या मते, मह-तुह धरून ठेवले आणि त्यांना आपला षष्ठीचा ‘ना’ जोडला, ‘भाऊना’मधला. महना, तुहना, आणि मग ‘ह’ सरकून मन्हा, तुन्हा. बसस्टँडवर एखादी आजी ‘मन्हा मनमा काहीच नही’ म्हणते तेव्हा पहिल्या शब्दातला ‘न्ह’ कान देऊन ऐका. न आणि ह एकाच फुंकरीत निघतात, आणि ‘मनमा’मध्ये तो ह औषधालाही नसतो. दोन शब्द वेगळ्या वाटांनी आलेत, हे त्या आजीच्या जिभेला ठाऊक आहे.

म्हणूनच ‘मन्हा’ला ‘माझा’चा अपभ्रंश ठरवणाऱ्या पंडितांचा मला राग येतो. अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी, हे त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. ब्रिटिश काळातल्या भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सननेसुद्धा भारताच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला, म्हणजे अहिराणीला, मराठीखाली न घालता भिल्लीसोबत मांडलं होतं. माझा आणि मन्हा ही सख्खी भावंडं आहेत, त्यांत बिघडलेलं कुणीच नाही. आणि मह-तुहचा तो ह खानदेशाने बोलीत जिवंत ठेवला!

पत्रिकेत ‘तत्त्वज्ञ’ छापा. तत् अधिक त्व, म्हणून त दोनदा. मुद्रितं तपासताना तेवढं बघा.