‘मॅडम, हा मुद्दाम करतो का?’

स्वमग्न मुलांच्या आया पहिल्याच भेटीत हा प्रश्न विचारतात. ही आई साडेचार वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. तो बोलत नाही. टेबलापाशी काही शिकवायला बसवलं की स्वतःचं मनगट चावायचा. आजींच्या मते लाडावलेला. दात-कान दुखत नाहीत ना, हे डॉक्टरांकडून आधीच तपासून घेतलं होतं. “आता एबीए म्हणजे चॉकलेटची लाच देऊन गप्प बसवायचं ना?” आईचा स्वर दुखावलेला होता.

मी त्यांना एक वही दिली, तीन रकान्यांची. आधी काय घडलं, त्याने काय केलं, लगेच नंतर काय झालं. एबीए, म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषण: वागण्याच्या आधी-नंतर काय घडतं ते बघून मुलाला शिकवायची पद्धत. ती या वहीपासूनच सुरू होते. आठवड्याने त्यांनी वाचून दाखवलं: “संध्याकाळी सहा. मणी ओवायला दिले. तिसरा मणी दोऱ्यात जाईना. मनगट चावलं. आजींनी मणी उचलले, गॅलरीत नेलं. शांत.” एकूण बारा नोंदी, त्यातल्या नऊंचा शेवट गॅलरीत.

“ताई, बक्षीस तुम्ही आधीपासूनच देताय,” मी म्हटलं, “फक्त ते चावण्याला मिळतंय.”

त्या बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या. “म्हणजे त्याला ‘पुरे’ म्हणायचं असतं?”

हो. चावण्याऐवजी तेच सांगण्याचा सोपा मार्ग मुलाला शिकवला, तर चावणं कमी होतं, हे एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं. आम्ही तळहाताचं चित्र असलेलं ‘पुरे’ कार्ड केलं. तो वैतागायला लागला की चावायच्या आत बाबा मागून त्याचा हात धरून कार्ड आईच्या हातात द्यायचे, आणि लगेच गॅलरी. “मग हा कामच करणार नाही,” आजी म्हणाल्या. शंका रास्त होती. कार्ड पक्कं झाल्यावर आम्ही ‘अजून एक मणी, मग पुरे’ सुरू केलं.

आनंदात तो हात फडफडवतो, ते मी थांबवू दिलं नाही. एबीएच्या सुरुवातीच्या काळात मुलांना चापट मारण्यापर्यंत मजल गेली होती. स्वमग्न प्रौढांनी त्याबद्दल जे लिहिलंय, ते मी विसरू शकत नाही.

तिसऱ्या आठवड्यात आईचा फोन आला. जेवताना त्याने उठून फळीवरचं कार्ड आणलं आणि आजींच्या हातात ठेवलं. भाजी नको होती. आजींनी ताट बाजूला केलं. आता शाळेतल्या बाईंना भेटायचंय, दप्तरात दुसरं कार्ड ठेवायला.