भाऊ रोज दारू पितो आणि त्याला नैराश्यही आहे. ‘आधी दारू सोडा, मग समुपदेशनाला या’ हे सांगणे योग्य आहे का?

आपण लिहिले आहे की आपला ३४ वर्षांचा धाकटा भाऊ वर्षभरापासून रोज रात्री पितो, त्याची झोप उडाली आहे, कशातच मन लागत नाही असे तो म्हणतो, आणि ज्या समुपदेशकांकडे आपण त्याला नेले त्यांनी ‘आधी दारू सोडून या, मग बोलू’ असे सांगून परत पाठवले. मी गेली बारा वर्षे एका मानसोपचार दवाखान्यात समुपदेशनाचे काम करते आहे आणि माझ्या मते हे सांगणे योग्य नाही. पिऊन आलेल्या माणसाबरोबर त्या दिवशी नीट बोलणे होऊ शकत नाही, हे खरे. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ द्यावी. परंतु ज्या गोष्टीसाठी मदत मागितली, तीच आधी स्वतःच्या बळावर उरकून येण्याची अट घातली, तर तो माणूस बहुधा पुन्हा येत नाही. दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या साधारण ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचे आढळले होते. आपला भाऊ दारापर्यंत आला होता, याचे मोल म्हणूनच मोठे आहे.

आणखी एका कारणासाठी ती अट मला धोक्याची वाटते. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ सकाळी दहा वाजता माझ्यासमोर येऊन बसले. ‘परवा रात्रीपासून थेंब घेतलेला नाही,’ असे त्यांनी अभिमानाने सांगितले. मी चहा मागवला. त्यांनी पेला दोन्ही हातांनी धरला, पण उचलला नाही. मी कागदांकडे पाहू लागले तेव्हा कुठे त्यांनी मान खाली नेऊन, पेला टेबलावर तसाच ठेवून, पहिला घोट घेतला. कपाळावर घाम होता. त्या दिवशी मी समुपदेशन केले नाही, त्यांना तडक शेजारच्या खोलीत मानसोपचारतज्ज्ञांकडे नेले. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर पहिल्या एकदोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भास, बरळणे, दिवसरात्रीचे भान सुटणे अशी जीवघेणी अवस्था येऊ शकते. योग्य औषधे आणि ‘बी-१’ जीवनसत्त्व वेळेवर दिले तर हे बहुतेकदा टळते. म्हणून भावाचे हात सकाळी थरथरत असतील किंवा उठल्याबरोबर प्यावेसे वाटत असेल, तर त्याला घरी कोंडून दारू बंद करू नका. आधी डॉक्टरांना दाखवा.

नैराश्य आधीचे की दारू आधीची, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. दारूने पहिल्या तासात हलके वाटते, पण ती रोजची झाली की झोप आणि मन दोन्ही खालावतात. दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत अनेकांची उदासी बरीच ओसरते. ज्यांची ओसरत नाही, त्यांच्या नैराश्यावर स्वतंत्र उपचार करावे लागतात. हे ओळखण्यासाठी मी रुग्णासोबत कागदावर एक आडवी रेघ ओढते आणि तिच्यावर शाळा, पहिली नोकरी, घरातला मृत्यू, पहिला पेग, पिणे रोजचे झाले ते वर्ष, असे सगळे मांडते. मात्र जीव देण्याचा विचार बोलण्यात आला तर कशाचीही वाट पाहायची नसते, त्याच दिवशी तज्ज्ञ गाठायचा. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येते.

प्रत्यक्ष समुपदेशनात काय होते, असेही आपण विचारले आहे. उपदेश होत नाही, कारण तो त्याने घरी पुरेसा ऐकलेला असतो. विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मांडलेली पद्धत आम्ही वापरतो: माणसाच्या मनात सोडावी आणि सोडू नये अशा दोन्ही बाजू असतात, समुपदेशकाने सोडण्याची बाजू लावून धरली की तो दुसरी बाजू लढवू लागतो. म्हणून प्रश्न असे विचारायचे की सोडण्याची कारणे त्याच्याच तोंडून यावीत. ‘फक्त एक क्वार्टर घेतो’ असे म्हणणाऱ्याला मी हिशेब करून दाखवते: १८० मिलिलिटर व्हिस्कीत सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे दहा ग्रॅमचे प्रमाण माप धरले तर सहा मापे. पुष्कळांना ते पहिल्यांदाच कळते. मग कोणत्या वेळी, कोणाबरोबर, कशानंतर प्यावेसे वाटते याची रोज वहीत नोंद, पगाराच्या संध्याकाळी घरी येण्याचा दुसरा रस्ता, मित्राने आग्रह केला तर म्हणायचे नेमके वाक्य, इतक्या बारीक पातळीवर काम चालते. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांकडून जास्तीत जास्त चार भेटींचे असेच समुपदेशन दिले. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांत तीन महिन्यांनंतर ३६ टक्के पुरुषांचे पिणे घातक पातळीखाली आले होते, नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होते. हे पुरुष घातक प्रमाणात पिणारे होते. पूर्ण आहारी गेलेल्यांना याहून अधिक उपचार लागतात.

मध्येच ‘स्लिप’ होईल, म्हणजे दारू थांबवलेला माणूस पुन्हा एखाद्या वेळी पिईल, हे गृहीत धरा. रुग्ण तेव्हा शरमेने येणेच बंद करतो. मी पहिल्याच भेटीत सांगून ठेवते की प्यायलात तर दुसऱ्या दिवशी फोन करा, कारण काय घडले ते ताजे असताना कळले तर पुढची स्लिप टाळता येते.

पुण्यात १९८६ मध्ये डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. सुनंदाताई येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञ होत्या, आणि केंद्राची सुरुवातही त्याच आवारात झाली. व्यसन आणि मन यांचे उपचार वेगळे करता येत नाहीत, ही समजूत आपल्याकडे अशी जुनी आहे. तिथला ‘सहचारी’ हा रुग्णांच्या पत्नींचा गट किंवा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या परस्परमदत गटाच्या जोडीने चालणाऱ्या कुटुंबीयांच्या ‘अल-अनॉन’ सभा यांचे महत्त्व मला फार वाटते, कारण घरच्यांनाही बोलायला जागा लागते. आपल्या वहिनींना एकदा जाऊन येण्यास सुचवा.

एक कळकळीची विनंती: ‘न कळत दारू सोडवा’ अशी जाहिरात पाहून जेवणातून कोणतेही औषध देऊ नका. डायसल्फिरामसारखे औषध पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब घसरून जीव धोक्यात येऊ शकतो; ते रुग्णाच्या संमतीनेच आणि तपासण्या करूनच द्यायचे असते. त्याचप्रमाणे त्याला रात्री गाडीतून उचलून नेतो म्हणणाऱ्या केंद्रांपासून दूर राहा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्थाही मानसिक आजारांत मोडतात, त्यामुळे अशा रुग्णालाही त्या कायद्याचे हक्क आहेत.

आता दुसरे समुपदेशक शोधताना फोनवर एवढेच विचारा: ‘पिणे चालू असलेल्या रुग्णाला तुम्ही घेता का, आणि औषधांसाठी कोणत्या मानसोपचारतज्ज्ञांबरोबर काम करता?’ दोन्हींची उत्तरे सरळ मिळाली तर सकाळची वेळ घ्या. भावाला सांगा की दारू सोडण्याचे वचन कोणी मागणार नाही, झोपेबद्दल बोलायला जायचे आहे. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटे बरोबर घ्या, आणि पहिली वीस मिनिटे त्याला आत एकट्याला बसू द्या.