स्प्रिंग सरकली तर?

"मॅडम, ती स्प्रिंग सरकली तर?"

अँजिओप्लास्टी (हृदयाची तुंबलेली नस आतून फुग्याने उघडणं) झालेले बरेच पेशंट हा प्रश्न कधी ना कधी विचारतात. डॉक्टरांपुढे संकोच वाटतो, म्हणून माझ्यापाशी. तोही निघताना, चपला घालता घालता. हे काका मात्र खुर्चीत बसायच्या आधीच विचारून मोकळे झाले. (लिहायची परवानगी त्यांनीच दिली, ओळख पटू नये एवढे तपशील मी बदललेत.)

वय ५६, तालुक्याच्या गावी किराणा दुकान. हार्ट अटॅक, त्याच दिवशी मनगटातून अँजिओप्लास्टी, एक स्टेंट (नस उघडी ठेवणारी बारीक जाळीची नळी, पेशंटांच्या भाषेत स्प्रिंग), चौथ्या दिवशी घरी. त्याला पाच आठवडे झाले होते आणि काका अजून दुकानाची पायरी चढले नव्हते. डाव्या कुशीवर वळलो तर स्टेंट दाबला जाईल, म्हणून रात्री आरामखुर्चीतच झोपायचे. काकूंनी पिशवीतून उधारीची वही काढली. पुढच्या पानांवर गिऱ्हाइकं, मागच्या पानांवर बीपी, नाडी, ऑक्सिजन. एका तारखेखाली १४ नोंदी होत्या. त्यातली एक पहाटे ३ वाजून १० मिनिटांची.

"तीन वाजता का मोजलं?"

"जाग आली. ठोके ऐकायला यायला लागले."

"आणि हे झोपले की मी नाकापाशी हात धरून बघते," काकू म्हणाल्या.

हॉस्पिटलात हे पहाऱ्याचं काम मॉनिटर करत होता. डिस्चार्जनंतर मॉनिटर तिथेच राहिला आणि पहारा या दोघांकडे आला. अटॅकनंतरच्या पहिल्या महिन्यांत असं होणं अगदी नेहमीचं आहे. साधारण पाचातल्या एकाला तर उपचार लागतील इतकं नैराश्य येतं. त्याला घरचे "मनाला लावून घेऊ नकोस" एवढंच औषध देतात.

मी त्यांना कॅथलॅबमधलं, म्हणजे अँजिओप्लास्टी झाली त्या खोलीतलं, आठवेल तसं सांगायला सांगितलं. काका पूर्ण जागे होते. थंडगार खोली, डोक्यावर फिरणारं मशीन, बाजूला पडद्यावर स्वतःचीच नस. मग डॉक्टर काहीतरी बोलले आणि छातीत तीच कळ आली, घरी आली होती तीच. "तेव्हा वाटलं, गेलो. नंतर सगळे म्हणाले, मस्त झाली."

फुगा फुगवला की तेवढे काही सेकंद नसेतला रक्तप्रवाह अडतो, त्यामुळे अशी कळ येऊ शकते. फुगा उतरवला की ती जाते. हे त्यांना कुणी आधी सांगितलंच नव्हतं. अटॅकच्या धावपळीत सांगायला वेळ नसतो, हे मला मान्य आहे. पण नंतरच्या चार दिवसांत तरी? काकांच्या लेखी तो टेबलावर आलेला दुसरा अटॅक होता आणि तो फक्त त्यांनाच माहीत होता.

स्प्रिंगचंही बोललो. गाडीच्या टायरात असते त्याच्या चारपाच पट हवेच्या दाबाइतक्या जोराने फुगा स्टेंटला नसेच्या भिंतीत रुतवतो. पुढच्या काही आठवड्यांत, महिन्यांत त्यावर नसेचंच अस्तर चढतं. खोकल्याने, शिंकेने, कूस बदलल्याने तो हलत नाही. १९७७ मध्ये झ्युरिकला आंद्रेआस ग्रुन्ट्सिग यांनी पहिली अँजिओप्लास्टी केली. तो पेशंट ३८ वर्षांचा होता, आणि २३ वर्षांनी तपासलं तेव्हाही त्याची ती नस उघडीच होती.

"त्याची पण स्प्रिंगच?"

"नाही. तेव्हा स्टेंट नव्हतेच. नुसता फुगा."

काका पहिल्यांदा हसले.

मग बोलता बोलता काकू म्हणाल्या, दंडावर काळंनिळं दिसतंय म्हणून चार दिवस संध्याकाळची गोळी बंद ठेवलीय. मी हातातलं पेन खाली ठेवलं. ती रक्त पातळ ठेवणारी गोळी होती. स्टेंट सरकण्याची भीती फोल. पण ही गोळी मनाने थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, आणि ते खरोखर जिवावर बेततं. वहीत १४ नोंदी, गोळीची एकही नाही. त्यांना तसंच वरच्या मजल्यावर हृदयरोगतज्ज्ञांकडे नेलं. ईसीजी, इको ठीक निघाले, गोळी पुन्हा सुरू झाली. दात काढायला गोळी थांबवायची असली तरी आधी आम्हाला विचारायचं, असं डॉक्टरांनी बजावलं.

छातीत बारीक टोचायचं, ती जागा काका एका बोटाने दाखवत. दाबलं की जास्त दुखे. तपासून डॉक्टर म्हणाले, स्नायूचं आहे. मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिलं: छातीवर दगड ठेवल्यासारखं दडपण, ते जबड्याकडे किंवा हाताकडे जाणं, घाम, धाप, असं झालं तर लगेच बसायचं, डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली, पाच मिनिटांत उतरलं नाही तर १०८. एरवी मोजणी दिवसातून दोनदाच, आणि प्रत्येक गोळीपुढे खूण.

चालणं अंगणात पाच मिनिटांपासून सुरू केलं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढाच वेग. दुसऱ्या आठवड्यात मारुतीच्या देवळापर्यंत. काकू पाण्याची बाटली घेऊन मागोमाग जायच्या. त्यांना घरी थांबायला शिकवणं जास्त जड गेलं. पहिल्या दिवशी त्या दारातच उभ्या राहिल्या, काका परत येईपर्यंत.

अडीच महिन्यांनी काका एकटे, एसटीने आले. सकाळी तीन तास दुकानात बसतात. पोती मुलगा उचलतो, आणि कशी उचलायची नाहीत ते काका गल्ल्यावरून ओरडून सांगतात. झोप पलंगावर लागते.

डाव्या कुशीवर मात्र अजून वळत नाहीत. मीही आग्रह धरलेला नाही.