पाच जन्म आणि थांबलेला पाऊस

*माझी अकरावीतली लेक परवा म्हणाली, "आई, मी इचिरुकी शिप करते." मला वाटलं, मर्चंट नेव्हीचा फॉर्म भरला की काय! हे काय प्रकरण आहे? – एक आई, चिपळूण*

फॉर्म भरलेला नाही, निर्धास्त राहा. हा शिप जहाजातला नव्हे, 'रिलेशनशिप'चं शेपूट आहे. गोष्टीतल्या दोघांचं जमावं असं मनापासून वाटणं आणि त्यापायी इतरांशी भांडणं, याला शिप करणं म्हणतात. 'ब्लीच' नावाच्या जपानी मांगातला, म्हणजे चित्रकथेतला, इचिगो आणि रुकिया मिळून इचिरुकी. समोरचा पक्ष इचिगो आणि ओरिहिमेचा, म्हणजे इचिहिमे. लग्नाची बैठकच समजा, फक्त नवरा-नवरीला बोलावणं नाही. तुमची लेक हरलेल्या पक्षात आहे, तेव्हा आठवडाभर जरा सांभाळून घ्या.

*ताई, मी 'ब्लीच' वाचून संपवलं आणि डोकंच फिरलं. जिच्यामुळे सगळी गोष्ट सुरू झाली त्या रुकियाचं लग्न रेंजीशी, आणि इचिगोचं ओरिहिमेशी! धाकटी बहीण पुण्याला होस्टेलवर असते. ती म्हणते, ज्याला हे आधी दिसलं नाही त्याला वाचताच येत नाही. भाऊबीजेपासून धड बोलत नाही. लेखकाने फसवलं की नाही, तुम्हीच सांगा. – चिडलेला दादा, सातारा*

अरे दादा, आमच्या वाचनालयातला २७ वा खंड बघायला ये एकदा. एका पानाच्या समासात पेन्सिलीने 'खोटं!' लिहिलंय. त्याखाली वेगळ्या अक्षरात, 'तुला काय कळतं.' मी रबर घेऊन बसले होते, पण खोडवेना.

ते पान आठवतंय ना? शत्रूकडे जाण्याआधी ओरिहिमेला फक्त एकाचा निरोप घ्यायची मुभा मिळते. ती जखमी होऊन झोपलेल्या इचिगोकडे येते आणि त्याचा हात धरून पुटपुटत राहते. डोनटच्या दुकानात जाऊन 'सगळे द्या' म्हणायचं होतं, आइस्क्रीमच्या दुकानातही तेच. पाच जन्म मिळाले असते तर पाच गावांत जन्मले असते, पाच तऱ्हेचं खाल्लं असतं, पाच निरनिराळी कामं केली असती, आणि पाचही वेळा याच एका माणसाच्या प्रेमात पडले असते. आपल्याकडे वडाला सुताचे फेरे मारून सात जन्म मागतात, पण डोनट कोणी मागत नाही! म्हणूनच मला ती खरी वाटते. तुझी बहीण याच पानावर उभी आहे, आणि तिची जागा पक्की आहे.

पण तुझी बाजूही हवेतली नाही. नऊ वर्षांच्या इचिगोची आई १७ जूनला, पावसात, नदीकाठी गेली. तेव्हापासून पाऊस त्याच्या आत पडतोय. पुढे रुकियाला सोडवल्यावर, ती स्वतःच्या, म्हणजे आत्म्यांच्या जगातच राहणार हे कळल्यावर, तो तिला म्हणतो, तुझ्यामुळे हा पाऊस थांबला असं वाटतं. लेखक कुबोने हे वाक्य रुकियाच्या पदरात घातलं, ओरिहिमेच्या नाही. आणि असं वाक्य वाचून माणसं लग्नाचं बघणारच की!

आता एक जागा बघ, तुम्ही दोघांनी ती घाईघाईत उलटली असणार. इचिगो हरून खचलाय. रुकिया वर्गाच्या खिडकीतून येते, त्याला बदडते, ताळ्यावर आणते. मग तो ओरिहिमेची माफी मागतो, तुला वाचवू शकलो नाही म्हणून. ओरिहिमेला लख्ख दिसतं की हे रुकियाला जमलं, आपल्याला नाही. ती घरी मुक्कामाला आलेल्या रांगिकूपाशी रडते, रुकियाचा हेवा वाटतो म्हणून कबूल करते. म्हणजे तुमचं भांडण वाचकांनी उकरून काढलेलं नाही. ओरिहिमेने ते तुमच्या आधी, एकटीने, स्वतःशीच केलंय.

तेव्हा फसवलं म्हणू नकोस. कुचराई केली म्हण, मी सही करते. ऑगस्ट २००१ ते ऑगस्ट २०१६, 'शोनेन जंप' या जपानी साप्ताहिकात ६८६ प्रकरणं. मारामारीला पानंच्या पानं. आणि शेवटी एकदम दहा वर्षं पुढे उडी, थेट मुलंच समोर: इचिगो-ओरिहिमेचा काझुई, रुकिया-रेंजीची इचिका. मधलं काय? इचिगोचं मन ओरिहिमेकडे कधी वळलं? तुझ्या बहिणीला वाटतं ते आपण पाहिलं, तुला वाटतं ते पाहिलंच नाही. रुकिया आणि रेंजीचं लग्न तर डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या कादंबरीत आहे, आणि तीही दुसऱ्या लेखकाची. जेवणाच्या ताटात भात वाढला, वरण शेजारच्या घरी. पंधरा वर्षं दर आठवड्याला वाट पाहणाऱ्यांनी ताट आपटलं तर नवल नाही. (तू ते महिनाभरात संपवलंस, तुला एवढं आपटायचा हक्क नाही.)

आणि रेंजी काही कोणाच्या गळ्यात पडलेला नाही. तो रुकियाचा लहानपणापासूनचा सोबती, दोघं एकाच गरीब वस्तीत अनाथ वाढले. तू पानं उलटत होतास तेव्हा तो तिथेच होता, फक्त तुझं लक्ष इचिगोकडे.

बहिणीला मेसेज करत बसू नकोस. पुण्याला जा, डोनटच्या दुकानात घेऊन जा आणि 'सगळे द्या' तिला म्हणू दे. पैसे तू भर.